थांबा देणारी कळ

मित्रांनो, मी एक जुनी कळ आहे. पोटात येते ती नव्हे, संगणकाच्या कळफलकावर असते ती. त्यातही मी शून्याची. कळफलकाच्या उजव्या टोकाला आकड्यांची एक वेगळी चाळ असते, तिच्या तळमजल्यावर मी राहते. शेजारच्या साऱ्या कळा चौकोनी आणि आटोपशीर. मी एकटीच लांबुळकी, दोघींची जागा अडवून बसलेली. "किंमत शून्य, आणि ऐसपैसपणा केवढा!" असे सात आणि आठ एकमेकींच्या कानात कुजबुजत. मी ऐकून न ऐकल्यासारखे करी. तळमजल्यावर राहणाऱ्यांना ते जमावेच लागते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला नीट सांगता येणार नाही. स्वतःचा जन्म कुणाला आठवतो? गरम प्लास्टिकचा वास आणि अंगावर उमटलेले पांढरे टपोरे वर्तुळ, एवढेच लक्षात आहे. मग खोके, मालमोटार, धक्के, आणि खोके उघडले तेव्हा सोलापूरचे ऊन. मी आले ती चादरींच्या एका दुकानात.

काय दिवस होते ते! लग्नसराईत दुकानात पाय ठेवायला जागा नसे. शेठ बिल करताना माझ्यावर अंगठ्याने असा काही टप्पकन मारत, की मला वाटे हे दुकान माझ्याच जिवावर चालले आहे. एकटीला कुणी विचारत नाही हे खरे, पण कुणाच्या मागे जाऊन उभी राहिले की त्याचे वजन दसपट करणारीही मीच. सात-आठ तेव्हा गप्प होत्या.

पण चढणारा पाय उतरतोही. एके दिवशी दुकानात पिस्तुलासारखे एक यंत्र आले. चादरीवरच्या काळ्या पट्ट्यांवर त्याने लाल उजेड टाकला, की बिल आपोआप तयार. आम्हाला संगणकासकट माळ्यावर टाकले. तिथे चादरींच्या सुताची बारीक पिंज माझ्या कडेकडेने आत शिरली. तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. दाबले की मी खाली लगेच जाते, वर यायला मात्र वेळ घेते.

माळ्यावरून मला खाली आणले ते रेश्माने.

दुकानामागच्या बोळात जोतीराम मास्तरांच्या ब्रास बँडची खोली होती. रेश्मा ही मास्तरांची मुलगी. कॉलेज करता करता बँडचे सारे लिहिणे-वाचणे तीच सांभाळायची. मास्तर पोलीस बँडातल्या एका निवृत्त माणसाकडून पाच रेघांवर सूर लिहायला शिकले होते आणि त्यांनी आपल्या साऱ्या वादकांनाही ते वाचायला शिकवले होते. पण त्यांचे हाताने लिहिलेले कागद वरातीतल्या घामाने पार धुऊन गेले होते. रेश्माने मोबाइलवर बघून बघून संगीत लिहिण्याचे सॉफ्टवेअर शिकून घेतले आणि शेठकडून आमचा जुना संगणक मागून आणला. तिने कापसाच्या बोळ्याने मला पुसले आणि म्हणाली, "ही जरा अडकतीय, पण चालंल की."

त्या सॉफ्टवेअरमध्ये माझे काम काय असेल असे तुम्हाला वाटते? सूर उमटवणाऱ्या कळा वेगळ्या, मोठ्या दिमाखाच्या. माझे काम होते गप्प करणे. आधी पाचावर बोट ठेवायचे, मग माझ्यावर, की कागदावर एका ठोक्याची विश्रांती उमटे. सहा आणि मग मी, की दोन ठोक्यांची. एका ठोक्याची खूण उभी वेडीवाकडी, दोन ठोक्यांची म्हणजे रेघेवर ठेवलेली टोपी. पुस्तकात त्यांना काहीही म्हणोत, आमच्या खोलीत त्यांचे नाव एकच, थांबा. एसटीचा असतो तसा.

खरे सांगते, मला पहिल्यांदा रडूच आले. दसपट करणाऱ्या बाईला गप्प बसवण्याच्या कामावर ठेवले! पण रेश्माने कोरे पान उघडले, तेव्हा मी पाहिले की उभ्या रेघांनी पाडलेल्या त्याच्या प्रत्येक घरात आधीपासून थांबाच बसलेला आहे. सूर आले की तो सरकून जागा देतो आणि सूर उठून गेला की निमूटपणे परत येऊन बसतो. एवढ्या मोठ्या घराची राखण करणारा माणूस काही हलका नसतो, अशी मी मनाची समजूत घातली.

बँडवाल्यांना मात्र थांब्याचे भारी वावडे होते. त्याला कारणही तसेच होते. वरात रस्त्यावर आहे तोवर तोंडाचे पितळ काढायचे नाही, हा त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा रिवाज. सुपारी देणाऱ्याला वाटते, आपण आवाजाची सुपारी दिली, गप्प बसण्याची नाही. कुणी क्षणभर ओठ मोकळे केले, की गर्दीतून हाक येणारच, "ए, वाजवा की!" त्यामुळे रेश्माने कागदावर थांबा दिला, की कॉर्नेट वाजवणारा कुमार त्यात दोन सूर कोंबून द्यायचा. "रिकामी जागा बगवत न्हाय गं मला," म्हणायचा. भरल्या एसटीत चौथी सीट करणाऱ्यांतला तो.

या साऱ्यांत मला जीव की प्राण होते ते तिप्पण्णाकाका. अक्कलकोटकडचे, मेंढरे राखणाऱ्या घरातले. तरुणपणी शहरात आले आणि क्लॅरिनेटला चिकटले ते चिकटलेच. क्लॅरिनेटचा सगळा भार उजव्या अंगठ्यावर पडतो, त्यामुळे त्यांच्या अंगठ्याला भाकरीच्या करपल्या कडेसारखा घट्टा पडला होता. खुद्द मास्तरांना पोरवयात फुंक मारायला शिकवली ती त्यांनीच. रेश्मा तर त्यांच्या खांद्यावर बसून वराती बघत वाढली.

पण आता काकांचा दम पुरेना. त्या हंगामात कुर्डुवाडीला एका वरातीत मास्तरांनी स्वतः बांधलेली चाल वाजत होती. ही चाल म्हणजे या बँडची ओळख. तिच्यात क्लॅरिनेटची लांबच लांब ओळ आहे. भर रस्त्यात काकांचा श्वास संपला आणि चाल तुटली. नवरदेवाचा मामा सगळ्यांदेखत म्हणाला, "म्हाताऱ्याला घरी बसवा की राव!"

परत आल्यावर मास्तर बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. शेवटी जमिनीकडे बघत बोलले, "काका, म्होरल्या सुपारीला खुळखुळा घ्या."

खुळखुळा माहीत आहे ना? बँडच्या कडेने चालत हलवायचा. ज्याच्याकडून वाजवणे होत नाही, त्याच्या हाती तो देतात. मान राहतो, पगार राहतो, पण वाजवणारा माणूस राहत नाही. काकांनी क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवले आणि ते निघून गेले.

रेश्मा बापाशी भांडली. "पप्पा, त्यांनी शिकवलंय तुम्हाला. एक संधी द्या की!"

"पुढची सुपारी मोडनिंबची हाय. माजं गाव हाय ते," मास्तर म्हणाले. "तितं चाल तुटली तर मला तोंड दाखवाय जागा ऱ्हायची न्हाय. मला काय गोड लागतंय व्हय हे? तालमीत अख्खी चाल न तुटता वाजवून दाखवावी त्यांनी. न्हाईतर खुळखुळा."

मग रेश्मा माझ्याकडे आली. तिने काकांचा कागद उघडला आणि कुणाला न सांगता त्यात थांबे घालत सुटली. प्रत्येक चौथ्या घराच्या शेवटी एक, अगदी मापात. सूर काढला की मी, सूर काढला की मी. मला तर आनंदाचे भरते आले. शेठच्या दुकानानंतर एवढी मागणी मला कधी नव्हती. रेश्माला वाटले, काकांवर मोठे उपकार केले. मलाही तसेच वाटले.

दुसऱ्या दिवशी तालमीला कागद वाटले गेले. काकांनी चष्मा चढवला, आपला कागद पाहिला, मग शेजारी वाकून कुमारचा पाहिला. पुन्हा आपला पाहिला. आणि क्लॅरिनेट न उचलताच ते संगणकापाशी आले.

"रेश्मा, ह्ये काय हाय गं? सगळ्यांच्या कागदावर सूर, आन माज्याच कागदावर नुस्तं थांबं?"

"काका, तुम्हाला दम लागतोय ना, म्हणून मी..."

"कुणी सांगितलं? मास्तरनं?"

"नाही ओ. मीच. मला वाटलं, कुणाला कळणार नाही."

"मला कळलं की," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली उतरला होता. "पोरी, दम माजा हाय. त्यो कुटं घ्यायचा, ह्ये मी ठरवीन. कुर्डुवाडीच्या मान्सानं रस्त्यात सांगितलं, तू कागदावर छापून दिलंस. येवढाच फरक."

कागद माझ्या अंगावर ठेवून ते गेले. त्या कागदाखाली मी अंधारात पडून होते. माझ्या थांब्यांची मला पहिल्यांदाच लाज वाटली. रेश्मा तर ओढणीत तोंड घालून रडली.

पुढे दोन दिवस काका फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी आले, ते बँडचा लाल कोट घडी करून घेऊन. खांद्यांवरच्या सोनेरी झिरमिळ्या फुलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, धुऊन विंचरल्यासारख्या सरळ केल्या होत्या. मास्तर खोलीवर नव्हते. रेश्मा एकटीच होती.

"कोट ठिवून जातो," काका म्हणाले.

"कोट नंतर ठेवा. आधी इथं बसा."

"कशाला?"

"मी चुकले काका. तुम्हाला न विचारता केलं. आता तुम्हीच दाखवा कुठं थांबायचं. तुम्ही सांगाल तिथंच देते, नको म्हणाल तर एकही नको."

काका उभेच राहिले. मग कोट मांडीवर घेऊन खुर्चीवर टेकले. "असं तोंडानं न्हाय सांगता याचं. वाजवून बगावं लागंल."

"मग वाजवा की. पेटी तर बरोबर आणलीय तुम्ही."

आणलीच होती. कोट परत करायला आलेला माणूस क्लॅरिनेट कशाला बरोबर आणेल, हे मी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका.

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. कुठे थांबावेसे वाटते, ते रेश्माला ठरवू न देता ते स्वतःच थांबायचे आणि पडद्यावर त्या जागी बोट ठेवायचे. पहिलाच थांबा आला तो ओळीच्या मधोमध, वर चढून गेल्यावर.

"इथं?" रेश्मा चकित झाली. "मी तर शेवटाला दिला होता."

"शेवटाला कुणाला दम लागतोय? शेवट आला की मानूस तसाच तगतोय. मधी चढावर लागतोय. आन तू आपलं दर चार घरांनी! मी काय घड्याळ हाय व्हय?"

रेश्मा खळखळून हसली. काकाही हसले. मग ती म्हणाली, "तुम्हीच दाबा. पाच दाबा, मग ते लांब बटण."

काकांनी पाच दाबले आणि मग माझ्यावर अंगठा ठेवला. तोच तो घट्ट्याचा अंगठा. शेठचा अंगठा मी वर्षानुवर्षे सोसला, पण असा स्पर्श मला कुणी केला नव्हता. क्लॅरिनेट पुसताना तो जेवढा हलका असायचा, तेवढाच हलका. मी खाली गेले आणि नेहमीप्रमाणे वर यायला वेळ लावला. काका थांबले. मी वर आले तेव्हाच त्यांनी अंगठा उचलला.

थोड्याच वेळात रंगात येऊन ते म्हणाले, "माजंच काय घिऊन बसलीस? त्या कुमाऱ्याचं ओठ सुजत्यात, सांगत न्हाय कुनाला. त्याला बी दे की एक थांबा हितं. त्यो थांबला की मी हाय. मी थांबलो की त्यो हाय."

"तो कोंबतो ओ काका. देऊन काय उपयोग?"

"म्या दिलाय म्हून सांग. न्हाई कोंबायचा."

असे करता करता सगळ्यांच्या कागदांवर थांबे बसले. कुणाचा इथे, कुणाचा तिथे, एकाने टेकायचे आणि दुसऱ्याने धरायचे. पण शेवटच्या वळणाआधी एक जागा अशी आली, की तिथे सगळ्यांनाच श्वास हवा होता. रेश्माने सगळ्यांच्याच ओळीत तिथे दोन ठोके रिकामे ठेवले. काका हादरले.

"आगं, समदीच थांबली तर वरातीत भोक पडंल! लोकं अंगावर येतील."

"येऊ द्या. आधी ऐका तर."

तिने चाल लावली. संगणकाचे क्लॅरिनेट म्हणजे पडसे झालेला कोंबडा, पण चाल ती चालच. ती चढली, वळली, आणि त्या जागी सगळेच गप्प झाले. खोलीत फक्त पंख्याची किटकिट राहिली. मग त्या गप्पपणातून क्लॅरिनेटची एकटी ओळ वर आली. आधी त्याच ओळीवर बाकीच्यांचा गलबला असायचा. आता ती स्वच्छ ऐकू आली.

काका पडद्याकडे सरकून म्हणाले, "परत लाव."

तिने परत लावली. त्यानंतर पुन्हा. जाताना काका कोट ठेवायचे विसरले.

तालमीत काकांनी चाल न तुटता वाजवली. आणि काय सांगू, कुमारनेही एकही सूर कोंबला नाही. पण त्या दोन रिकाम्या ठोक्यांशी मास्तरांचा ताल देणारा हात हवेतच राहिला. चाल संपल्यावर ते ओरडले, "ह्ये मधी भोक कुणी पाडलं?"

"म्या," काका म्हणाले. "अंगठ्यानं."

मास्तर रेश्माकडे बघायला लागले, मग काकांकडे. "क्लारनेट तुमच्याकडंच," ते म्हणाले. "पर काका, मोडनिंबात कुणी बोललं तर?"

"बोलंल की. मी असंल तितं."

मित्रांनो, मी मोडनिंबला गेले नाही. कळफलक कुठे वरातीला जातो? मी इथे खोलीत जीव मुठीत धरून बसले होते. मला मूठ नाही, पण जीव होता. परत आल्यावर रेश्माने मोबाइलमधले चित्रण संगणकावर लावले आणि सारा बँड माझ्याभोवती गोळा झाला. तेव्हा मीही ते ऐकले आणि पाहिले.

मोडनिंबची वेशीकडची वाट. पुढे घोडा, मागे दिवे. मास्तरांची चाल चढत होती, आणि तिच्यात कुठे कोण टेकत होते, ते सांगूनही कळले नसते. मग ते वळण आले. सगळी पितळी तोंडे एकदम गप्प झाली. गर्दीतून कुणीतरी ओरडलेच, "ए, वाजवा की!"

कुणी वाजवले नाही. घोड्याच्या गळ्यातले घुंगरू तेवढे ऐकू आले. ओरडणाऱ्यानेही नकळत कान दिला असावा, कारण दुसरी हाक आलीच नाही. आणि मग तिप्पण्णाकाकांचे क्लॅरिनेट एकटे उठले. नाचणारे नाचायचे थांबून मागे वळले. पडद्यावर काकांचे गाल फुगले होते, डोळे मिटलेले होते, लाल कोटाच्या झिरमिळ्या हलत होत्या. आणि त्यांच्या शेजारी, अगदी अंगाला अंग लावून, कुणीतरी हलकेच खुळखुळा हलवत चालले होते.

ते जोतीराम मास्तर होते. आपल्या गावात, आपल्या माणसांदेखत, त्यांनी खुळखुळा स्वतःच्या हातात घेतला होता.

चित्रण संपले तसा कुमार नाक ओढत म्हणाला, "मास्तर, खुळखुळा मातूर बेताल हाय तुमचा." त्यावर सगळे हसले. मास्तर सर्वांत मोठ्याने हसले आणि उपरण्याने डोळे पुसत बसले.

आता माझे शेवटचे सांगते. त्या यशानंतर मास्तर खुशीत आले आणि पुढच्या चालीचे कागद रेश्माबरोबर स्वतः करायला बसले. त्यांनी मला दाबले. मी खाली गेले आणि आले नाही. चादरीची ती जुनी पिंज! त्यांनी पुन्हा ठोकले, मग आणखी जोरात.

"हे बटण गेलं," ते म्हणाले. "रेश्मा, नवीन कीबोर्ड आण उद्या."

मी तळाशी पडून ऐकत होते. सात आणि आठ या वेळी काही बोलल्या नाहीत.

तेवढ्यात माझ्यावरून मास्तरांचे बोट कुणीतरी अलगद बाजूला केले. क्लॅरिनेट पुसायचे मऊ फडके माझ्या कडेकडेने फिरले. "मोडलं न्हाय ओ मास्तर," तिप्पण्णाकाका म्हणाले. "दम घ्यायलंय. घडीभर थांबा की."

आणि मित्रांनो, ते सगळे थांबले. मास्तर, रेश्मा, कुमार, सारा बँड एका जुन्या बटणाकडे बघत उभा राहिला. कुणी घाई केली नाही. मी सावकाश वर आले.

तुमच्याही घरात हळूहळू वर येणारे कुणी असेल. त्याला थांबा जरूर द्या, पण कुठे द्यायचा ते त्यालाच विचारा. आणि कधी आमच्या बोळात आलात आणि मला दाबलेत, तर दुसऱ्यांदा ठोकू नका. मी येतेच आहे.